केरू मिस्त्रीची लाथ

"...मग अडकतं कुठं ते?" भोपळेबुवांनी विचारलं.

"साच्यात अडकतं," केरू म्हणाला.

"आणि तू?"

"मी कशाला अडकू? मी मोकळा आहे."

"बरं... बरं," म्हणत बुवा कण्हले.

बुवा मठाच्या दारात आडवे पडले होते. उंबऱ्याच्या लगत, कुशीवर, एक हात कमरेवर. त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. वाळका भोपळा पोखरून त्यातनं पाणी प्यायचे, म्हणून भोपळेबुवा. पोटही तसंच होतं, पण ते कोणी तोंडावर बोलत नसे.

केरू पायरीवर बसला होता. पायरीखाली त्याचे बूट उभे होते, चकचकीत, पहारेकऱ्यांसारखे.

हा केरू म्हणजे मोठा मिस्त्री बरं का. नदीवर आगगाडीचा पूल व्हायचा होता आणि त्या पुलाला लागणारी रिबिटं करायचा कारखाना काठावर नवाच निघाला होता. तिथला हा मुख्य. पोरगा लोहाराचाच, पण मुंबईच्या गोदीत राहून आलेला. येताना दोनच वस्तू घेऊन आला. एक बूट आणि एक अक्कल. दोन्ही कुठं काढून ठेवायचा नाही. मठाच्या पायरीशी बूट तरी काढावे लागले. अक्कल तेवढी अंगावर राहिली.

"रिबीट म्हणजे खिळाच ना रे?"

"खिळाच, पण जाड. वर टोपी असते. लाल तापवून पत्र्यांच्या भोकातनं घालायचा आणि दुसऱ्या अंगानंही ठोकून टोपी करायची. एकदा बसला की जन्माची गाठ."

"लग्नासारखं."

"लग्नापेक्षा पक्कं, बुवा."

"बायकोला सांगू का हे?"

केरूनं मिशीवरनं हात फिरवला आणि विषय यंत्रावर आणला. यंत्र विलायतेहून बोटीनं आलं होतं. लाल सळईचा तुकडा साच्यात टाकायचा, वरनं ठोकणीचा घाव बसायचा, टोपी तयार. पण तयार झालेलं रिबीट सांडशीनं ओढून काढावं लागायचं. सांडस घसरायची, वेळ जायचा, हात भाजायचे.

"मग मी सुधारणा केली," केरू म्हणाला आणि जरा ताठ बसला. "साच्याच्या बुडाशी दांडी बसवली. दांडीला खाली पायपट्टी. पट्टीवर पाय हाणला की दांडी खालून ढुशी देते आणि रिबीट टुणकन बाहेर. विलायतवाल्याच्या डोक्यात आलं नाही ते."

"शाबास."

"मी स्वतः हाणतो तेव्हा लाह्या उडाव्यात तशी उडतात. पण माणसं बसली की अडकतात. एक अडकलं की साचा तापतो, साचा तापला की दुसरं चिकटतं, मग छिन्नी घेऊन बसा उकरत."

"माणसं कुठली?"

"आपलीच. लोहारआळीतली. भागूमामा आणि त्याचे भाऊबंद. दंड बघाल तर मांडीएवढे. पण आळशी, बुवा! पायपट्टीवर पाय कसा ठेवतात म्हणाल तर नव्या नवरीनं माप लवंडावं तसा. हळूच... अंगठ्यानं."

"मग तू काय केलंस?"

"ओरडलो."

"मग?"

"पट्टी जड असेल म्हणून हलकी केली. आखूड असेल म्हणून लांब केली. साच्याला तेल पाजलं."

"मग?"

"परत ओरडलो."

बुवा हसायला गेले आणि कमरेत चमक आली. "आई गं... बोल, बोल."

केरूचा आवाज खाली आला. "परवा पुलाचा साहेब येणार आहे. यंत्रासमोर खुर्ची टाकून घड्याळ घेऊन बसणार. म्हणालाय, परत अडकलं तर हे भंगारात घालीन आणि रिबिटं विलायतेहून मागवीन. म्हणजे भट्ट्या विझल्या. सगळी लोहारआळी घरी. आणि मी..."

"आणि तू?"

"मी तोंड घेऊन कुठं जाऊ?"

 पिंपळावर एक कावळा ओरडला.

"पण मला काय कळतंय लोखंडातलं?" बुवा म्हणाले. "माझ्याकडं लोखंडाचा एक तवा. त्यालाही भोक."

"तुम्हाला कुठं विचारायला आलोय? बायकोनं धाडलंय. म्हणाली, बुवांचा अंगारा आणा, यंत्राला लावा, त्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आधीच सांगून ठेवतो."

"नसू दे. अंगाऱ्याला चालतं. आत देवापुढं वाटीत आहे, घे जा."

केरू उठला. दारात बुवा आडवे.

"जरा सरकता का?"

"सरकता आलं असतं तर दारात कशाला पडलो असतो? सकाळी झाडायला वाकलो नि उसण भरली. तसाच आडवा झालो. आता इथंच समाधी म्हण."

"मग आत जाऊ कसा?"

"ये की वरनं ओलांडून."

केरूनं पाय उचलला. बुवांच्या पोटावर तो पाय हवेत थोडा वेळ थांबला... आणि परत पायरीवर आला.

"काय झालं?"

"काही नाही. पोट जरा मोठं आहे तुमचं."

"असं होय."

बुवांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. डोळे असे चमकत होते, की उसण भरलेल्या माणसाचे तसे चमकत नाहीत.

"केरू, तू पायाळू ना रे?"

केरूचं तोंड आंबट झालं. पायाळू म्हणजे आईच्या पोटातनं आधी पाय बाहेर टाकून आलेला. अशा माणसानं उसणीवर लाथ घातली की उसण पळते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. लहानपणी केरूच्या दारात आख्खी आळी कंबर धरून उभी राहायची. मुंबईहून आल्यावर त्यानं ते दुकान बंद केलं होतं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझ्या आईनंच. म्हणायची, बुवा, पोराचे पाय आधी आले. डोकं अजून यायचंय."

केरूनं मिशीचं टोक चावलं.

"घाल एक लाथ. उसण जाईल, मी सरकेन, तू अंगारा घेशील, बायको घरात घेईल. सगळ्यांचं भलं."

"बुवा, हे सगळं खुळचटपणाचं आहे. लाथेनं कधी कंबर बरी होते का?"

"विश्वास नाही?"

"अजिबात नाही."

"मग तर सोपंच झालं. विश्वास असणाऱ्याचा पाय कापतो. तुझा कशाला कापेल? हाण."

केरू बुवांच्या पाठीशी गेला. धोतर खोचलं. पाय मागं घेतला, तालमीत घेतात तसा. आणि पाय असा आला, असा आला... की बुवांच्या कमरेला नुसता अंगठा लागला.

"हाणलीस?"

"हो."

"मला वाटलं माशी बसली."

"परत हाणतो."

"हाण. पायपट्टी समज."

परत पाय मागं गेला. परत तेच. पावलाची टाच सोडा, चवडासुद्धा नीट टेकला नाही.

"अरे, मुंबईचं पाणी पिऊन आलास आणि पायात जोर नाही? का आळशी आहेस?"

आळशी म्हटल्यावर केरूला झोंबलं. त्यानं डोळे मिटले, दात आवळले, कपाळावर घाम आला. हा जोर केला! बघणाऱ्याला वाटलं असतं, बुवा आता सरळ नदीत जाऊन पडतात. आणि पाय खाली आला तो सावरीचा कापूस यावा तसा.

पण या वेळी बुवा वाट बघत होते. उसण बिसण विसरून त्यांनी गर्रकन अंग वळवलं आणि केरूचा उजवा हात वरच्या वर, कपाळापाशी पोचायच्या आत, मनगटाला धरला.

"हा कुठं निघाला होता?"

केरूनं डोळे उघडले. स्वतःच्या हाताकडं बघितलं. कोणी परक्याचा हात आपल्या खांद्याला लावून ठेवावा तसं बघितलं.

"...असाच."

"असाच म्हणजे?"

"पाय लागला की जातो. आधी तुमच्या अंगाला... मग कपाळाला."

"तू धाडलास?"

"नाही."

"मागच्या दोन्ही वेळी पण गेला होता. तुला ठाऊक आहे?"

"...नाही."

"मग आळशी असेल," बुवा म्हणाले आणि मनगट सोडून दिलं.

केरू तिथंच उभा राहिला. कावळा उडून गेला होता. 

त्याच्या डोळ्यांपुढं भागूमामा आला. भट्टीतनं लाल तुकडा उचलून साच्यात टाकणारा. ठोकणीचा घाव बसल्यावर अंगठ्यानं पायपट्टीला शिवणारा. मग वाकून, यंत्राला हात लावून, तो हात कपाळाला नेणारा. आणि तेवढ्यात साच्यात बसून साचा तापवणारं रिबीट. भागूमामानंतर बसणारा तसाच. त्याच्यानंतरचा तसाच. रोज, दिवसभर. केरू तिथंच उभा राहून ओरडत होता आणि त्याला ते दिसत नव्हतं. आपलं नाक आपल्याला दिसतं का? तसंच ते. त्याचाही हात तसाच जात असता, बूट नसते तर.

"बुवा..." तो म्हणाला.

"काय?"

"ती पायपट्टी..."

 केरू धूम पळत सुटला. टेकडीवरनं खाली, अनवाणी, काटे बघितले नाहीत, कुटे बघितले नाहीत.

बुवा टुणकन उठून बसले. "अरे, बूट! अरे, अंगारा!"

ऐकायला कोण होतं? बुवांनी कंबर इकडं फिरवली, तिकडं फिरवली, आणि आत जाऊन चुलीवर भात ठेवला.

भागूमामा भट्टीपाशी तंबाखू चोळत बसला होता. केरू समोर येऊन उकिडवा बसला. मामानं आधी त्याच्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"मामा, तुम्ही पायपट्टी जोरात का हाणत नाही?"

"तू इचारलंस कवा?" मामा म्हणाला. "तू नुसता आरडत हुतास."

"आता विचारतोय."

मामानं तंबाखूची चिमूट गालात सरकवली. "ऐरणीला लाथ कोण मारतंय, केरू? तुजा बा मारीत हुता का?"

"पण ही ऐरण नाही, मामा. यंत्र आहे."

"लाल लोखंड जिच्यावर ठोकत्यात ती ऐरण. तू नाव काय बी ठेव."

केरूनं यंत्राकडं बघितलं.

"तरी तू म्हंतोस म्हून लावत हुतो पाय. पोराबाळांच्या पोटाचा सवाल. रोज सांजच्याला सगळी जाऊ द्येतो, मग तिच्याम्होरं नाक घासतो. म्हंतो, आये, चुकलं, माफ कर." मामानं हात झटकले. "तुज्या नावानं बी घासतो. तू तर बुटानं हाणतोस."

भट्टीतला निखारा तडतडला. 

केरू उठला. छिन्नी घेतली, घण घेतला, यंत्राखाली शिरला. ती पायपट्टी त्याची होती. तिच्यासाठी त्यानं जेवणं सोडली होती, झोप सोडली होती, चारचौघांत तिची पोवाड्यासारखी गाणी गायली होती. छिन्नी लावली. हात जरा थांबला.

"काय रं?" मामानं विचारलं.

"काही नाही. जरा घट्ट आहे."

मग असा घण घातला की पट्टी खणकन जाऊन भिंतीला लागली.

"आता?" मामा म्हणाला. "आता रिबीट बाहीर कोण काढणार? आंगारा?"

केरू यंत्राखालीच पाठीवर पडून होता. वर छपराच्या तुळया दिसत होत्या.

"मामा, देवापुढं जाऊन तुम्ही बेधडक काय करता? न भिता, अंगातला सगळा जोर लावून?"

"आसं काय आसतंय? देवाम्होरं हळूच वागावं." मामानं विचार केला. "घंटा तेवढी बडवतो बग. ती जेवढी जोरात तेवढी बरी. देव झोपल्याला आसतोय."

केरू यंत्राखालनं बाहेर आला तो हसतच. मिशीला वंगण लागलं होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

सांजच्याला घरी गेला. बायको सुंद्रा दारातच उभी, कमरेवर हात.

"अंगारा?"

"विसरलो."

"बूट?"

"विसरलो."

"मी कोण ते तरी आठवतंय का?"

"भाकरी बांधून दे. परत जातोय."

सुंद्रानं त्याच्या पायांकडं बघितलं. काटे रुतलेले, राख लागलेली, लोहाराचे पाय. लग्नात बघितले होते तसे. तिनं तोंडाला पदर लावला आणि भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठाच ठेवला.

ठरल्या दिवशी साहेब आला तो सकाळीच आला. यंत्रासमोर खुर्ची टाकली, पायावर पाय टाकला, घड्याळ उघडून मांडीवर ठेवलं. दाराबाहेर सगळी लोहारआळी उभी. बायका, म्हातारे, कडेवरची लेकरं.  आज संध्याकाळी चूल पेटणार का नाही, ते त्या खोलीत ठरायचं होतं.

यंत्र तेच होतं, पण पायपट्टी गेली होती. साच्याच्या बुडाच्या दांडीला आता तरफ जोडली होती, तरफेला साखळी, साखळी छपराच्या तुळईला बांधलेल्या कप्पीवरनं फिरून भागूमामाच्या उजव्या खांद्याशी लोंबत होती. टोकाला लाकडी मूठ. साखळी खाली ओढली की तरफ उचलणार आणि दांडी रिबिटाच्या बुडात ढुशी देणार. एवढंच.

पट्टा फिरला. चाकं घरघरली. मामानं लाल तुकडा साच्यात टाकला. ठोकणी पडली. धाड!

मामाचा हात मुठीवर गेला. सवय जात नाही हो लवकर. त्यानं साखळी ओढली ती नवरीचा पदर ओढावा तशी.

रिबीट अर्धं वर आलं... आणि तिथंच बसलं.

साहेबानं घड्याळाकडं बघितलं. दाराबाहेर कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. साचा तापायला लागला.

केरू भिंतीशी उभा होता, अनवाणी. आधीचा केरू असता तर ओरडला असता. ओरडला तर आजही, पण वेगळं ओरडला.

"मामा! देव झोपलाय!"

मामाच्या पाठीतनं काहीतरी सळसळत गेलं. दोन्ही हातांनी त्यानं मूठ धरली.

"येळकोट येळकोट..."

"जय मल्हार!" सगळी आळी बाहेरनं गरजली.

साखळी अशी बसली खाली, की दांडीनं रिबिटाला उडवलं ते थेट साहेबाच्या खुर्चीखाली. लालभडक. साहेबानं दोन्ही पाय वर घेतले, खुर्चीवरच मांडी घातली. गोरा माणूस मांडी घालून बसलेला त्या गावानं पहिल्यांदा बघितला.

मग कोण थांबतंय? तुकडा आत, धाड, येळकोट, टण्. तुकडा आत, धाड, येळकोट, टण्. मामा दमला की त्याचा भाऊ, भाऊ दमला की पुतण्या. ओढण्यासाठी भांडणं लागली. "मला दे, माजी पाळी." आळशी म्हटलेली माणसं ती! आधी टोपली भरली. मग ढीग झाला. मग ढिगाला टोपली दिसेना. साचा तापायचं नावच काढीना, कारण रिबीट आत बसायला मागतच नव्हतं.

साहेबानं एक रिबीट गार करून मागवलं. ऐरणीवर ठेवून घणानं वाकवलं. दांडा केळीच्या पानासारखा वळला, टोपी जागची हलली नाही. दुसरं मागवलं. तेही तसंच. मग तो उठला, घड्याळ खुर्चीवरच विसरला, भागूमामाच्या खांद्याला हात लावून त्याला बाजूला केलं आणि स्वतः साखळी ओढली. रिबीट उडालं. साहेब लहान पोरासारखा हसला. परत ओढली.

"यळकॉट," साहेब म्हणाला.

त्या दिवशी लोहारआळीत ढोल वाजले ते थांबेचनात. भट्ट्या पुढं पूल होईपर्यंत विझल्या नाहीत.

पूल झाला. नदीच्या या तीरापासनं त्या तीरापर्यंत, काळा, लांब, सरळ. खाली पाणी खळाळत होतं आणि पूल त्याच्याकडं बघतही नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यावरनं पहिली आगगाडी जायची होती. आदल्या दिवशी केरू मठात गेला आणि बुवांना हाताला धरून पूल दाखवायला घेऊन आला.

सबंध वाट केरूचं तोंड थांबलं नाही. कुठल्या कुठल्या कारखान्यातनं माणसं साखळी बघायला आली, साहेबानं कसा हात मिळवला, आता नटबोलट करायच्या यंत्रालाही तसंच काहीतरी करायचंय, सगळं सांगून झालं. बुवा शेंगा खात ऐकत होते.

पुलाच्या तोंडाशी दोघं आले.

"बुवा, बघा. हा सगळा माझ्या रिबिटांवर उभा आहे."

बुवांनी वर बघितलं, खाली बघितलं, पाण्याकडं बघितलं. पाय पुढं टाकला नाही.

"चला की पलीकडं."

"भ्या वाटतंय रे."

"कसलं भ्या? उद्या यावरनं आगगाडी जाणार!"

"आगगाडीला जीव नाही. मला आहे."

"बुवा, हत्ती नाचवा यावर. काही होणार नाही."

"मग तुझ्या हातचं एक रिबीट दाखव. त्याच्यावर आधी पाय ठेवीन, मग येईन."

"एक काय, सगळीच माझी!"

"सगळी नको. तू स्वतः साखळी ओढलीस, तुझ्या हातनं पडलं, असं एक."

"हे काय, आत्ता दाखवतो," म्हणत केरू पुढं झाला.

पहिल्या खांबाशी वाकला. टोप्याच टोप्या, ओळीनं, ज्वारीचे दाणे कणसावर बसावेत तशा. एकीवरनं हात फिरवला. दुसरीवरनं फिरवला. ही असेल... नाही, ही भागूमामाच्या हातची वाटते. मग ती असेल... ती कशावरनं? पुढं गेला. गुडघे टेकले. अंगठ्यानं चाचपलं, नखानं खरडलं, कान लावून वाजवून बघितलं. सगळ्या टोप्या एकाच आवाजात बोलल्या. पुलाच्या मध्यापर्यंत गेला. तिथं थांबला. 

मग तो हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून. हसत हसतच माघारी आला.

"काय रे?"

"सापडत नाही, बुवा."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा नाही."

बुवांनी शेंगांची टरफलं नदीत टाकली, धोतर खोचलं आणि पुलावर पाय ठेवला.

"मग चल. पक्का आहे."